‘बोलेल हळूहळू’ म्हणण्यापूर्वी

नातवंडाच्या वाढीत काही वेगळे जाणवत असेल, तर घरातील ज्येष्ठांचा एक शब्द तपासणी लवकर घडवून आणू शकतो किंवा ती कित्येक महिने लांबवूही शकतो. ऑटिझम म्हणजेच स्वमग्नतेच्या तपासणीविषयी एका आजीने स्वानुभवातून लिहिलेला हा लेख.

भाद्रपदातील ती दुपार मला आजही जशीच्या तशी आठवते. गौरी-गणपतीसाठी साताऱ्यातील आमचे घर पाहुण्यांनी भरले होते. आरती सुरू झाली, झांजा वाजू लागल्या, तसा आमचा नातू दोन्ही कानांवर हात दाबून मागच्या पडवीत पळाला. तेव्हा तो एक वर्ष आठ महिन्यांचा होता. प्रसाद झाल्यावर मी त्याला शोधायला गेले, तर तो जमिनीवर पालथा पडून खेळण्यातल्या गाडीचे एकच चाक फिरवीत होता. गाल फरशीला टेकलेला, नजर चाकावर खिळलेली. मी चार वेळा नावाने हाक मारली. त्याने मान वळवली नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात सूनबाई हळू आवाजात म्हणाली, “आई, हाक मारली तरी तो बघत नाही. बोलतही नाही. डॉक्टरांना दाखवायचं का?”

मी पुरणाचे पातेले उतरवता उतरवता उत्तर दिले, “अगं, याचे बाबाही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलले नव्हते. मुलगे उशिराच बोलतात. बोलेल हळूहळू. उगाच मुलाला नावे ठेवू नये.”

ती गप्प बसली. नव्या पिढीतील आई मोठ्यांचा मान राखून गप्प बसते, तेव्हा आपल्याला वाटते की तिचे समाधान झाले. तसे नसते. माझ्या त्या चार वाक्यांमुळे आमच्या घरातील तपासणी आठ महिने पुढे गेली. हा लेख मी त्या आठ महिन्यांसाठी लिहिते आहे.

चिऊ-काऊच्या घासाने दाखवलेली गोष्ट

पुढच्या वैशाखात माझी भाची तिच्या चौदा महिन्यांच्या मुलीला घेऊन राहायला आली. त्या चिमुरडीला मी गॅलरीत बसवून दहीभात भरवीत होते. “तो बघ काऊ,” म्हणून मी बोट दाखवले. तिने माझ्या बोटाच्या दिशेने पाहिले, कावळा पाहिला, मग वळून माझ्या तोंडाकडे पाहून हसली. थोड्या वेळाने कावळा पुन्हा येताच तिनेच इवलेसे बोट पुढे केले आणि मी पाहते आहे ना, याची खात्री करून घेतली.

माझा हात तसाच थांबला. याच गॅलरीत, याच कठड्याशी बसून मी नातवाला वर्षभर घास भरवले होते. तो कधी माझ्या बोटाकडे पाही, कधी कुठेच पाहत नसे. त्याने आजवर मला एकही गोष्ट बोट करून दाखवली नव्हती. पाणी हवे असले की तो माझे मनगट धरून मला माठापाशी ओढत नेई आणि माझा हात पेल्यावर ठेवी. मी कौतुकाने सांगत असे, “किती हुशार आहे पहा!” त्याने माझा हात एखाद्या अवजारासारखा वापरला होता. त्या वेळी माझ्या चेहऱ्याकडे मात्र पाहिले नव्हते.

पुढे डॉक्टरांकडून कळले, की दोघांनी मिळून एका वस्तूकडे पाहणे आणि आपला आनंद दुसऱ्याला दाखवणे ही बोलण्याच्या आधीची पायरी असते. शब्द उशिरा येणे ही एक गोष्ट. परंतु बोट दाखवणे, मान हलवणे, हावभाव करणे, नजरेने सांगणे हेही नसणे ही निराळी गोष्ट. उशिरा बोलणारी अनेक मुले बोलत नसली, तरी खुणांनी सारे घर डोक्यावर घेतात. माझा मुलगा तसाच होता. तो तीन वर्षांपर्यंत बोलला नाही हे खरे. पण चंद्र दाखवल्याशिवाय तो झोपत नसे, हे मी विसरले होते.

स्वमग्नता म्हणजे काय

स्वमग्नता हा संसर्गाने होणारा रोग नव्हे, वेडही नव्हे. मेंदूची जडणघडण वेगळ्या रीतीने होण्याची ही जन्मजात अवस्था आहे. दोन बाबींत ती दिसून येते. पहिली, इतरांशी संवाद आणि देवाणघेवाण यांतील अडचण. दुसरी, त्याच त्या हालचाली, ठरावीक आवडी, बदलाचा त्रास आणि आवाज, स्पर्श, चव, प्रकाश यांविषयी कमी-अधिक संवेदनशीलता. प्रत्येक मुलात यांचे प्रमाण निराळे असते. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी अस्खलित बोलते, पण संभाषण करू शकत नाही. म्हणूनच या अवस्थेला वर्णपट म्हणतात.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला वैद्यकशास्त्रात स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. म्हणजे ही काही क्वचित आढळणारी गोष्ट नाही. मुलग्यांमध्ये निदान अधिक होते. मात्र मुलींमधील लक्षणे ‘लाजाळू आहे’, ‘शांत आहे’ अशा शब्दांखाली झाकली जातात, हेही ध्यानात ठेवावे.

कोणत्या गोष्टींकडे लक्ष द्यावे

पुढीलपैकी काही आढळल्यास थांबू नये :

• वर्षाचे झाल्यावरही नावाने हाक मारली असता मूल वळून पाहत नाही.
• दीड वर्षापर्यंत बोट दाखवून वस्तू मागत नाही, आवडलेली वस्तू आणून दाखवत नाही.
• सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही.
• टाटा करणे, टाळ्या वाजवणे, मोठ्यांची नक्कल करणे दिसत नाही.
• खोटा खोटा स्वयंपाक, बाहुलीला झोपवणे असे खेळ खेळत नाही. वस्तू ओळीत मांडणे, चाके फिरवणे यांतच रमते.
• पंजे फडफडवणे, चवड्यांवर चालणे, गोल गोल फिरणे वारंवार दिसते.
• आलेले शब्द किंवा हसणे-खेळणे नाहीसे होते. हे कोणत्याही वयात घडले, तरी तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

यांतील एखादे लक्षण म्हणजे स्वमग्नता नव्हे. पुष्कळ मुले काही काळ चवड्यांवर चालतात. पण दोन-तीन गोष्टी एकत्र आणि सातत्याने दिसत असतील, तर तपासणी करून घेणेच शहाणपणाचे.

आमच्या घरातील दोन गैरसमजही सांगते. नातू मोबाईलवर ऐकलेली इंग्रजी मुळाक्षरे धडाधड म्हणे. त्यामुळे ‘बोलता येते की’ असे आम्हांला वाटे. तहान लागल्यावर ‘पाणी’ हा शब्द मात्र त्याच्या तोंडून येत नसे. ऐकलेले पुन्हा म्हणणे आणि काही सांगण्यासाठी बोलणे यांत मोठे अंतर आहे. दुसरा गैरसमज म्हणजे ‘मोबाईल बंद केला की सारे ठीक होईल’. लहान मुलांना मोबाईलपासून दूर ठेवावेच, कारण माणसांशी खेळण्याचा वेळ तो खाऊन टाकतो. परंतु मोबाईलमुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही. मोबाईल बंद करून सहा महिने वाट पाहणे हा तपासणीला पर्याय होऊ शकत नाही.

तपासणीची वाट

आमची सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून झाली. त्यांनी पहिली सूचना केली ती श्रवणचाचणीची. मी म्हटले, “पलीकडच्या खोलीत बिस्किटांचा पुडा फोडला तरी हा धावत येतो. कान उत्तम आहेत.” ते म्हणाले, “काही आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत, असेही असू शकते. बोलणे लांबलेल्या प्रत्येक मुलाचे कान यंत्रावर तपासलेच पाहिजेत.” ‘बेरा’ नावाची ही तपासणी मूल झोपलेले असताना डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून करतात. ती मुळीच दुखत नाही. त्याला तिथे झोप यावी, म्हणून आम्ही त्याला पहाटे चारपासून जागे ठेवले होते. त्याचे कान चांगले निघाले. काही घरांत मात्र याच टप्प्यावर बहिरेपण उघडकीस येते आणि वाट वेगळी होते. म्हणून ही पायरी वगळू नये.

त्यानंतर ‘एम-चॅट’ ही प्रश्नावली झाली. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी असलेल्या या प्रश्नावलीत वीस प्रश्न असतात आणि आई-वडिलांनी त्यांची उत्तरे होय किंवा नाही अशी द्यायची असतात. ही केवळ चाळणी आहे. चाळणीवर राहिलेला प्रत्येक दाणा खडा नसतो, तसे या प्रश्नावलीत गुण जास्त आले म्हणजे निदान झाले असे नव्हे. पुढची सविस्तर तपासणी आवश्यक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ती सविस्तर तपासणी विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. सोबत वाचा-उपचारतज्ज्ञ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टही मुलाला पाहतात. रक्ताची चाचणी किंवा मेंदूचा स्कॅन करून स्वमग्नतेचे निदान होत नाही. झटके येत असतील किंवा अन्य काही शंका असेल, तरच डॉक्टर ईईजी, एमआरआय अथवा जनुकीय चाचणी सांगतात. निदान होते ते मुलाचे खेळणे-वागणे प्रत्यक्ष पाहून आणि घरच्यांशी सविस्तर बोलून. त्यासाठी प्रमाणित साधने आहेत. आपल्या देशात ‘इसा’ ही भारतीय मोजपट्टी वापरली जाते. सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने ती तयार केली असून तिच्यात सहा विभागांत चाळीस बाबी आहेत. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीही तिचा उपयोग होतो.

खासगी केंद्राचा खर्च सर्वांना झेपणारा नसतो. अशा वेळी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभारली गेली आहेत आणि या कार्यक्रमाची पथके अंगणवाडीतील मुलांची तपासणी करतात. अंगणवाडीताई किंवा आशाताई यांना विचारल्यास मार्ग कळतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे बालरोग आणि मानसोपचार विभागही आहेत. मुंबईत वांद्रे येथे वाचा आणि श्रवण यांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे.

दुधाच्या हिशेबाखालच्या नोंदी

आम्हांला पुण्यातील भेटीची वेळ सहा आठवड्यांनंतरची मिळाली. मधल्या काळात काय करावे, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, “दिवसभर मुलाजवळ आपणच असता. दिसेल ते लिहून ठेवा. मत लिहू नका, घडलेले लिहा.”

मी स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेच्या पानामागे, दुधाच्या हिशेबाखाली लिहू लागले. ‘हट्टी आहे’ असे न लिहिता ‘आज पिवळ्या ताटलीऐवजी स्टीलची दिली, चाळीस मिनिटे रडला’ असे लिहिले. ‘ऐकत नाही’ असे न लिहिता ‘दहा हाका, एकदा पाहिले’ असे लिहिले. मुलाने एक-दोन मिनिटांची छायाचित्रणे केली : एकटा खेळताना, जेवताना, पाहुणे आल्यावर, हाक मारल्यावर. सोबत प्रसूतीची कागदपत्रे, लसीकरणाचे कार्ड, श्रवणचाचणीचा अहवाल आणि त्याला येणाऱ्या शब्दांची यादी घेतली. यादीत सात शब्द होते. पूर्वी कोणते शब्द येत होते आणि ते केव्हा गेले, हेही लिहिले. डॉक्टरांनी ती पाने पूर्ण वाचली.

तपासणीच्या खोलीत खुर्च्या बाजूला सारून डॉक्टर जमिनीवर बसल्या. साबणाचे फुगे उडवले, मग थांबल्या. तो मागतो का, कसे मागतो, कोणाकडे पाहतो, हे त्या पाहत होत्या. माझा जीव वरखाली होत होता. “दाखव ना रे, घरी दाखवतोस तसं!” असे मी दोनदा म्हणाले. त्या सौम्यपणे म्हणाल्या, “आजी, त्याला पास व्हायचे नाही. तो जसा आहे तसा मला दिसू द्या.” सर्व आजी-आजोबांना माझे हेच सांगणे आहे. तिथे नातवाची बाजू मांडू नये, उणेपणा झाकू नये. आपण झाकले, तर मिळायला हवी ती मदत त्यालाच कमी मिळते.

निदानाच्या दिवशी

दुसऱ्या भेटीत डॉक्टरांनी निदान सांगितले. सूनबाईने एकच प्रश्न विचारला, “माझ्यामुळे झालं का? गरोदरपणी मी नोकरी करत होते.”

हा प्रश्न तिच्या मनात कोणी पेरला असेल, हे मला ठाऊक होते. घरात कोणीतरी, केव्हातरी तसे बोलले होते. आणि आमचे घर यात एकटे नाही. विसाव्या शतकात पश्चिमेतील नामवंत तज्ज्ञांनीही आईच्या थंड वागण्याने मूल स्वमग्न होते, असे म्हटले. ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्याआधी १९६४ मध्ये, स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील असलेले मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलँड यांनी ही अवस्था जैविक असल्याचे मांडले होते. १९७७ मध्ये जुळ्या मुलांच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा पुढे आला आणि आयांवरचा तो आळ खोटा ठरला. आनुवंशिक म्हटले, की ‘कोणाच्या घराण्यातून आले’ याचा शोध सुरू होतो. तोही सोडून द्यावा. यात अनेक जनुकांचा सहभाग असतो; दोष कोणाचाच नसतो.

लसीमुळे स्वमग्नता होते, हीदेखील अफवाच आहे. १९९८ मध्ये बारा मुलांवर आधारलेल्या एका शोधनिबंधाने ती पसरवली. ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकाने तो निबंध २०१० मध्ये मागे घेतला. नातवंडांच्या लसी चुकवू नयेत.

स्वमग्नता मुळापासून घालवणारे औषध नाही. झोप, झटके, अतिचंचलता यांसाठी डॉक्टर औषधे देऊ शकतात. मूलपेशी-उपचार, शरीरातील धातू काढून टाकण्याचे उपचार, ‘शंभर टक्के बरा करू’ अशा जाहिराती यांपासून दूर राहावे. दृष्ट काढल्याने मनाला बरे वाटत असेल तर काढावी. पण नवस फेडण्याच्या मुहूर्तासाठी डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नये. वाचा-उपचार आणि खेळातून शिकवणे यांसाठी अंतिम अहवालाची वाट पाहण्याचीही गरज नसते. शंका आली की ते सुरू करता येतात. तपासणीअंती स्वमग्नता नाही, केवळ भाषेचा विकास लांबला आहे असे निघाले, तरी केलेले श्रम वाया जात नाहीत.

घरातील मोठ्यांचे काम

मुलाशी थोडक्या शब्दांत बोलावे. ‘चल बाळा, आता आपण छान छान आंघोळ करू या’ याऐवजी ‘आंघोळ’ म्हणून तांब्या दाखवावा. दिनक्रम शक्यतो बदलू नये. बदलणार असेल, तर आधी चित्र दाखवून सांगावे. तो ज्यात रमला आहे, त्याच खेळात आपण त्याच्याशेजारी बसावे. घरात एक शांत कोपरा ठेवावा. काही मुले नकळत घराबाहेर निघून जातात. म्हणून दाराला वर कडी लावावी, पाण्याच्या टाक्या आणि बादल्या झाकाव्यात, मुलाच्या खिशात घरचा दूरध्वनी क्रमांक असावा. आपले गुडघे आणि रक्तदाब यांचाही विचार करावा. धावणाऱ्या मुलामागे एकट्या सत्तरीच्या माणसाने दिवसभर राहू नये.

कागदपत्रेही हळूहळू करून घ्यावीत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड यांसाठी अर्ज करता येतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यांतर्गत ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे. प्रमाणपत्र काढल्याने मुलावर शिक्का बसतो, ही भीती आमच्या घरातही होती. पण लोक नाव ठेवायचे तर प्रमाणपत्राशिवायही ठेवतात. हक्क मात्र प्रमाणपत्राशिवाय मिळत नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाच्या आईला थोडी झोप मिळू द्यावी. समारंभात कोणी “अजून बोलत नाही?” असे विचारले, तर उत्तर आपण द्यावे.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत झालेला एक अभ्यास माझ्या वाचनात आला. ज्या मुलांचा आजीशी वारंवार संपर्क होता, त्यांचे निदान सुमारे पाच महिने लवकर झालेले आढळले. वाचून मी बराच वेळ बसून राहिले. दोन-चार मुले वाढवलेल्या बाईला वेगळेपण लवकर दिसते. मलाही ते पडवीत दिसले होते. मी त्याला नाव देऊ दिले नाही. ते आठ महिने गेल्याने सारे संपले असे नव्हे, हे डॉक्टरांनी मला समजावले आहे. तरीही सूनबाईची मी क्षमा मागितली. ती म्हणाली, “आई, मलाही तुमचंच ऐकायचं होतं.”

आपल्या घरात कोणी आई हळू आवाजात असा प्रश्न विचारत असेल, तर हातातले काम बाजूला ठेवावे, तिला बसवावे आणि याच आठवड्यात भेटीची वेळ घ्यावी. शंका खोटी ठरली, तर पेढे वाटावेत.

नातू आता साडेपाच वर्षांचा आहे. लहान लहान वाक्ये बोलतो, काही दिवस मुळीच बोलत नाही. यंदा गणपतीला आम्ही झांजा काढल्याच नाहीत. टाळ्याही हलक्या हाताने वाजवल्या. तो दाराच्या चौकटीत उभा राहिला, कानांवर हात ठेवून, आणि आरती संपेपर्यंत तिथून हलला नाही.